मोटार वाढली

‘दुसऱ्या मोटारीची माहिती भरून पाठवा,’ असं हेड ऑफिसचं पत्र माझ्या हातात पडलं, तेव्हा खंडूअण्णांची पहिलीच मोटार वेल्ह्याच्या रस्त्यावर जळून सांगाडा होऊन पडली होती. पत्रासोबत कोरा फॉर्मही होता. मी कपाळाला हात लावला. चूक हेड ऑफिसची, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण तिची सुरुवात माझ्याच तोंडून झाली होती.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी भोरमध्ये विम्याचा एजंट. आयुष्याचे विमे कसेबसे खपत. मोटारींचे जवळपास नाहीतच, कारण मुळात मोटारीच किती होत्या! कामथडीचे खंडूअण्णा नसरापूर ते वेल्हे प्रवासी सर्व्हिस चालवत. मोटार एकच आणि ड्रायव्हरही तेच. पेट्रोल कुपनावर गेलं तशी त्यांनी मोटारीला मागे गॅस प्लँट बसवून घेतला. प्लँट म्हणजे अंघोळीच्या बंबाचा थोरला भाऊ. त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. चढाला मोटार धापा टाकी, पण चाले. मागे पेटता बंब आणि टपावर कोळशाची पोती, हे बघून मी मात्र त्या मोटारीपासून चार हात लांबच उभा राही.

अपघाताचा विमा अण्णांनी घेतला होता. आगीचा त्यात येत नसे, तो वेगळा घ्यावा लागे. म्हणून मी कामथडीला गेलो.

“अण्णा, ही मोटार गेली तर काय कराल?”

“काय करनार? जमीन भावांना सोडली आन म्या मोटार घेतली. ती गेली म्हंजी आमी गेलो.”

“म्हणूनच म्हणतो, आगीचा विमा—”

आत भांडं आदळलं. अण्णांच्या बायको कोंडाबाई दारात आल्या. “भाऊसाहेब, च्या घ्या, बसा. पर त्यो शबुद हितं काढू नगा. दर आमुशाला नारळ फोडते म्या मोटारीम्होरं.”

“इमा घ्यायचा म्हंजी आपनच तिला आवतान धाडायचं,” अण्णांनी दुजोरा दिला.

चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा चहाच. तिसऱ्या खेपेला अण्णांच्या सदऱ्याच्या बाहीला ठिणगीनं पडलेलं भोक दिसलं. मी नुसतं त्या भोकात बोट घातलं. कोंडाबाई बघत होत्या.

“घ्या,” त्या अण्णांना म्हणाल्या. “पर त्यो शबुद न्हाई बोलायचा.”

पॉलिसी हातची जाऊ नये म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, “कबूल! पॉलिसी इंग्रजीत आहे, घरात कोणी वाचायचं नाही. काही झालंच, तर तुमच्या शब्दांत मुंबईला हेड ऑफिसला कळवा. मात्र ताबडतोब.” नुकसानीची खबर कंपनीला मुदतीत लेखी पोचली नाही, तर क्लेम बसत नाही. हे मी त्यांना दोनदा सांगितलं. गॅस प्लँटचीही फॉर्मवर स्वच्छ नोंद केली. एवढं चोख काम केल्याचा मला अभिमान वाटला.

त्याच उन्हाळ्यात, मी महिनाभर नागपूरला मुलीकडे असताना, वेल्ह्याअलीकडच्या चढावर टपावरच्या पोत्यांनी पेट घेतला. अण्णांनी आधी माणसं उतरवली. माणसं वाचली, मोटार गेली. अण्णांनी त्याच दिवशी वेल्ह्यातून मुंबईला कार्ड टाकलं. मजकूर इतकाच: ‘आमची मोटार वाढली. कळावे.’

त्यावरून तो फॉर्म आला होता. तिथल्या कारकुनानं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं होतं. परत येऊन मी हे सगळं ऐकलं, तोवर मुदत उलटून गेली होती. अण्णा मला म्हणाले, “तुमीच म्हनला व्हता, तुमच्या शबदांत लिवा.”

मी मुंबई गाठली. मॅनेजर मद्रासकडचे, सरळ पण काटेकोर.

“वाढली म्हणजे जास्त झाली ना?” ते म्हणाले. “आगीची खबर यात कुठं आहे?”

“साहेब, अशुभ बोलायचं टाळायला आमच्याकडे असंच म्हणतात. बांगडी फुटली, दुकान बंद केलं, तरी हाच शब्द.”

“हे तुम्ही आता सांगताय. क्लेम अडकल्यावर.”

त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हणालो, “मी गप्प बसतो. तुमच्या शिपायाला विचारा.”

साहेबांनी घंटी वाजवली. म्हातारा शिपाई आला, कोकणातला. साहेबांनी मोडक्या मराठीत विचारलं, “तुमच्या बायकोची बांगडी फुटली, तर काय म्हणता?”

“फुटली कशाला म्हणू, साहेब? वाढली म्हणतात.”

“संध्याकाळी दुकान बंद केलं तर?”

“वाढवलं.”

“आणि मोटार वाढली, तर?”

शिपायाचा चेहरा उतरला. त्यानं आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, “कुणाची वो?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कार्डावरचा पोस्टाचा शिक्का निरखून पाहिला आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘खबर मुदतीत मिळाली.’ जिना उतरताना मी त्या शिपायाला रामराम नाही, चक्क नमस्कार केला.

क्लेम मंजूर झाला. तेव्हापासून आगीची पॉलिसी देताना खबरीच्या कार्डावर मीच ठसठशीत ‘आग लागली’ असं लिहून ते गिऱ्हाइकाच्या हवाली करू लागलो. पुष्कळांनी शिव्या घातल्या. त्या ऐकून घेणं हाही एजंटाच्या कामाचाच भाग आहे.

दिवाळीच्या सुमारास मला कामथडीहून एक कार्ड आलं. अण्णांचंच अक्षर. ‘दुसरी मोटार घेतली. आगीच्या विम्याचा कागद घेऊन या. मुंबईलाही कळवा, पण नीट कळवा. मोटार आली आहे, वाढलेली नाही.’