दुखत होता गुडघा, डॉक्टरांनी पाहिला खुबा

डॉक्टर दिनकरराव पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या या गौरव अंकात मीही लिहावे, असे मंडळींनी सुचवले. डॉक्टरांना मी प्रथम पाहिले ते पारनेरच्या त्यांच्या दवाखान्यात, आणि खरे सांगायचे तर ते मला मुळीच आवडले नव्हते.

सासूबाई गोठ्यात घसरून पडल्या होत्या. लगेच उठून त्यांनी म्हशीची धार काढली, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. दुखत होता गुडघा. तेव्हा गुडघ्यालाच तेल चोळले, शेकले. माझे पती आदल्या वर्षीच गेले होते. घरात आम्ही दोघीच उरलो होतो.

दुखणे थांबेना, तेव्हा त्यांना पारनेरला नेले. डॉक्टर दारात उभे राहून सासूबाईंची चाल पाहत राहिले. मग त्यांना टेबलावर निजवून दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या आणि लाटणे फिरवावे तसा अख्खा पाय हलकेच आत-बाहेर फिरवला. सासूबाई जांघेतल्या कळेने ओरडल्या.

"सुमन, दुखतोय गुडगा अन् ह्यो भलतीकडंच बघतोय!"

"आजी, तुमचा गुडघा खोटं बोलतोय. दुखणं खुब्यातलं आहे."

"व्हय, माजा गुडगा खोटा अन् तुमी तेवढं खरं!"

एक्स-रेचा फोटो काढला, तो साफ होता. तरी डॉक्टर म्हणाले, "माझं समाधान नाही. बारीक चीर साध्या फोटोत कधी कधी दिसत नाही. नगरला एमआरआय करा."

कमिशन असणार, असे माझ्या मनात आले. मी तसे तोंडावर म्हणालेही. डॉक्टर रागावले नाहीत.

"माझी चिठ्ठी नेऊ नका. पटेल तिथे करा, पटेल त्यांना दाखवा. पण तोवर त्यांना पाय टेकू देऊ नका. चीर सरकली तर चालणं अवघड होईल."

माझा संशय गेला नव्हता. पण माझ्या पतींचा रिपोर्टही साफ आहे असे सांगून आम्हाला घरी पाठवले होते. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. साफ रिपोर्टवर विश्वास न ठेवणारे डॉक्टर मला तेव्हा भेटले नव्हते. मी सासूबाईंना उचलून गाडीत घातले.

एमआरआयमध्ये चीर निघाली. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसतो, त्या गोळ्याखालच्या मानेला. हाड अजून जागेवर होते. मी निवडलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रू बसवले.

पुढे राळेगणसिद्धीकडे जाताना दिनकरराव वाट वाकडी करून आमच्याकडे येऊ लागले. यांचे इथे काय काम, असे मला वाटे. काम एवढेच, की सासूबाईंना अंगणात चालवून पाहायचे. वाचनालयातून शरीररचनेचे पुस्तक आणून मी प्रश्न विचारी, तेव्हा ते खुर्ची ओढून सावकाश समजावत. कधी "हे मलाही नक्की माहीत नाही" असेही म्हणत. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो या वाक्याने.

मी लिहायला बसले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लिव्ह, म्या इतकी भांडले तरी त्यानं माजं काय बी ऐकलं न्हाई!"

तसेच लिहिते आहे. डॉक्टर, आमच्या चुलीवर सकाळी अजून दोघींचा चहा चढतो. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि तुमच्या घरचा चहाही वर्षानुवर्षे कधी एकट्याचा न होवो.