दुसरा नंबर

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या कमलाकर दिघ्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसे. तरी लात्व्हिया युरोपियन युनियनमध्ये आल्यावरच्या एका वर्षी हा निवृत्त गृहस्थ दर सोमवारी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगचे निकाल बघायचा, आणि एका लहानशा गावाची टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचा.

कारण होता गुंतिस, वरच्या खोलीतला भाडेकरू. त्या गावच्या टीमचा तो गोलकीपर कोच. क्लबला पगार परवडेना, म्हणून इथे गोदामात खोकी उचलायला आलेला. टीम वरच्या लीगमध्ये गेली की परत बोलावू, असा शब्द त्याला मिळाला होता. तिकडे बायको होती, आणि बापाला फोटोतूनच ओळखणारी मुलगी.

बायको रेखा गेल्यापासून कमलाकरांना घर खायला उठायचं. गुंतिस आला आणि पुन्हा दोघांचा कुकर लागू लागला. वरणाची वाटी तो सरळ तोंडाला लावायचा.

"बाबा, तो गेला तर दुसरा टेनन्ट मिळेल ना," बर्मिंगहॅमहून नीना फोनवर म्हणाली. आता लेकीला काय सांगणार, कपाळ?

नोव्हेंबरात सीझन संपला. कमलाकरांनी तक्ता पाहिला. गुंतिसची टीम दुसरी. वर जाणार एकच, हे त्यानेच सांगितलं होतं. कमलाकरांचा जीव भांड्यात पडला. मग गुंतिसची ती मुलगी आठवून लाजही वाटली. पण घरी येताच त्यांनी रवा भाजायला घेतला आणि केशर घालून शिरा केला.

संध्याकाळी गुंतिस आला तो रडत आणि हसत. पहिली आलेली टीम एका मोठ्या क्लबची राखीव टीम होती. मुख्य संघ वरच्या लीगमध्ये असल्याने तिला वर जाता येत नव्हतं. जागा गुंतिसच्या गावाला मिळाली होती.

"शनिवारी निघतो मी!"

इतक्यात त्याला शिऱ्याचा वास आला. आनंदाच्या बातमीला तोंड गोड करतात, हे कमलाकरांनीच त्याला शिकवलं होतं.

"म्हणजे तुम्हाला आधीच कळलं! माझ्यासाठी केलंत!" त्याने म्हाताऱ्याला घट्ट मिठी मारली.

कमलाकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेखा गेली त्या दिवसानंतर इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले, "बस, गरम आहे तोवर खा." त्यांनी बशी भरली, वर तूप सोडलं. "शनिवारी पोरीसाठी ताजा करून देतो."