पांढरा झेंडा आणि सात वन्स मोअर

पहिलं महायुद्ध कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी झालं आणि त्यात फक्त माझे दोन खांदे जायबंदी झाले.

त्याचं असं झालं. वायटूकेचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सन दोन हजारच्या तारखा दुरुस्त करायचं, काम संपल्यावर आमच्या कंपनीला जर्मन क्लायंट मिळाला. डिसेंबरात ती मंडळी पुण्यात येणार म्हणून मॅनेजरने फर्मान काढलं, "आपण ऑपेरा करू या! पहिल्या महायुद्धात नाताळपुरती बंदूक खाली ठेवून दोन्हीकडचे सैनिक खंदकातून बाहेर येतात आणि एकत्र गातात, ती गोष्ट." आता आमच्या टीममधली मुलं कोड लिहिणारी. गाणार कोण? मी (मला नको तिथे तोंड उघडायची सवय आहे) म्हणाले, "माझे सासरे गातात!"

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. क्वार्टर्सच्या गणपतीत त्यांनी तीस वर्षं संगीत नाटकं केली होती.

"ऑपेरा म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

"सगळं गाण्यात बोलायचं, बाबा."

"मग सरळ संगीत नाटक म्हण की. घाबरवतेस कशाला?"

आठ दिवसांत त्यांनी पदं लिहिली, चाली लावल्या आणि कॅप्टनचं काम स्वतःला आणि दिग्दर्शन मला देऊन टाकलं. शेवटची भैरवी बसवताना मात्र पेटी वाजवता वाजवता थांबले. "तीस वर्षांत एक वन्स मोअर नाही मिळाला बघ. टाळ्या मिळाल्या. पण 'पुन्हा म्हणा' असं कोणी म्हणालं नाही."

मी ठरवलं, यंदा वन्स मोअर मिळणारच. (प्लॅनमध्ये घातलं की सगळं मिळतं, हा तेव्हा आमच्या धंद्याचा समज होता.) टीममधल्या बारा जणांना मधल्या रांगांत बसवायचं ठरलं. "मी विंगेतून पांढरा रुमाल हलवेन," मी त्यांना बजावलं. "गाणं कळलं नाही तरी चालेल. पांढरं हललं की ओरडा!" आईंनाही, म्हणजे सासूबाईंनाही, गळ घातली. त्या मेथी निवडत म्हणाल्या, "मी नाही हो खोटं ओरडायची. चाळीस वर्षं ऐकतेय त्यांना."

प्रयोगाच्या दिवशी मागच्या भिंतीवरचं थर्माकोलचं 'शुभविवाह' निघता निघेना. शेवटी त्याच्याखालीच खंदक मांडले. पहिली घंटा झाली आणि तहाचा झेंडा घेऊन येणाऱ्या सैनिकाचा, म्हणजे आमच्या टेस्टरचा, पेजर वाजला. ऑफिसात सर्व्हर बंद पडला होता! सैनिक गणवेशासकट स्कूटरवर बसून निघून गेला. बाबांनी झेंडा माझ्या हातात कोंबला. (झेंडा म्हणजे त्यांचं नाटकातलं धोतर, फरशी पुसायच्या दांड्याला बांधलेलं.)

"जा!"

"बाबा, मला गाता येत नाही!"

"माहितेय. एकच ओळ आहे. जा!"

त्या ओळीच्या धसक्याने एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निघून गेली. झेंड्याचा रंग!

मी खंदकातून बाहेर आले, झेंडा उंच केला, तोंड उघडलं आणि मधल्या रांगांतून बारा गळे गरजले, "वन्स मोअर!"

"अहो, आधी म्हणू तर द्या तिला!" पहिल्या रांगेतले एक आजोबा खेकसले.

वन्स मोअर म्हटल्यावर काय करणार? परत आत गेले, परत बाहेर आले. "वन्स मोअर!" शेवटी ती ओळ मी एका दमात कशीबशी संपवली आणि बाबांनी घाईघाईने भैरवी धरली. तह संपेपर्यंत झेंडा खाली आणायचा नाही, असं दिग्दर्शक म्हणून मीच सगळ्यांना बजावलं होतं. धोतर चांगलंच जड. खांदे भरून आले, हात थरथरले, धोतर हललं. "वन्स मोअर!" बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा मुखडा घेतला. धोतर हललं. "वन्स मोअर!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा घशाला कोरड पडली, तरी वन्स मोअर. चौथ्यांदा तर ते नुसते खाकरले होते, तर त्या खाकरण्याला वन्स मोअर! शत्रूचा कॅप्टन घड्याळ बघू लागला. त्याला पुन्हा युद्ध सुरू करायचं होतं आणि आमचा तह काही संपत नव्हता.

बाबांनी एकदा झेंड्याकडे पाहिलं, मग मधल्या रांगांकडे, मग माझ्याकडे. जन्मभर दारूगोळा तपासलेला माणूस. वात कुठून पेटतेय, हे त्यांना कळलं.

"झेंडा खाली घे," ते ओठ न हलवता म्हणाले.

"बाबा, युद्ध सुरू होईल!"

"होऊ दे."

मी झेंडा खाली घेतला. बाबांनी डोळे मिटून पूर्ण भैरवी म्हटली. संपली. हॉलमध्ये चिडीचूप. (टीमला वाटलं, धोतर हललं नाही म्हणजे गाणं चालूच असणार, आणि बाकीचे टीमकडे बघत राहिले.) तीस वर्षांची त्यांची हौस मी एका धोतराने पुसून टाकली होती.

तेवढ्यात पाचव्या रांगेतून बारीक पण ठाम आवाज आला, "वन्स मोअर!"

आई उभ्या होत्या! सगळे वळून बघायला लागले तशा त्या लाजल्या. "अहो, तो अंतरा परत म्हणा. आज जमलाय."

बाबांनी म्हटला. आवाज पार बसला होता, तरी म्हटला, आणि मग टाळ्या थांबेचनात. जर्मन पाहुणेसुद्धा उभे राहिले. या गडबडीत युद्ध पुन्हा सुरू करायचं सगळेच विसरले, आणि गोष्टीचा शेवट असाच असतो असं समजून मॅनेजर खूश झाला. मी धोतराच्या आड तोंड लपवून हुश्श केलं.

परतताना रिक्षात बाबा कुजबुजत म्हणाले, "सात वन्स मोअर मिळाले. सहा माझ्या धोतराला, एक मला."

"रागावलात, बाबा?"

"छे गं. धोतराला मिळाले म्हणजे घरातच राहिले."

माझा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात मी (तोंड उघडायची सवय!) आईंना विचारलं, "आणि माझी ओळ कशी झाली?"

आईंनी पदर सारखा केला.

"मी खोटं बोलत नाही, माहितेय ना? झेंडा छान धरला होतास."