चारही चाकांना जोर

नव्या गाडीत गिअरच्या मागे एक गोल खटका आहे. तो फिरवला की पडद्यावर एकामागून एक तीन चित्रं येतात: चिखल, वाळू आणि बर्फ. आमच्या बीडमध्ये बर्फ दिसतो तो रसवंतीत, तोही गोणपाटात गुंडाळलेला. तरी ते चित्र मी गल्लीतल्या प्रत्येकाला दाखवलं. तीस वर्षं भांड्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला पातेल्याचं बूड ठोकून दाखवण्यात गेली. वस्तूचे गुण सांगायला लागलो की मला थांबता येत नाही.

गाडी यायच्या आधी कितीतरी महिने तिचं माहितीपत्रक गल्ल्याशेजारी पडून असायचं. कंपनीने आपल्याच एका जुन्या मॉडेलचं नाव तेवढं ठेवून बाकी सगळं नव्याने केलं होतं. तळ जमिनीपासून चांगला वर, बसायच्या तीन ओळी, पाय नुसता हलवला की उघडणारी डिकी, चहूबाजूंनी कॅमेरे. आणि मुख्य म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. एक चाक रुतलं तर बाकीची तीन ओढून काढतात, हे मी टेबलावर चार वाट्या मांडून समजावत असे. बायको म्हणायची, वाट्या विकायला ठेवल्यात, खेळायला नाही.

हे सगळं सुरू झालं आदल्या वर्षीच्या नागपंचमीला. आईची थोरली बहीण, माझी मावशी, धर्मापुरीच्या पुढे शेतातल्या वस्तीवर राहायची. दोघींचे आईवडील गेल्यापासून आईचं माहेर म्हणजे हीच बहीण. दर पंचमीला मी आईला तिकडे न्यायचो. त्या वर्षी शेवटच्या दीड किलोमीटरात माझी जुनी गाडी काळ्या मातीत दारापर्यंत रुतली. मावसभावाने ट्रॅक्टर लावून ओढून काढली, आणि नंतर प्रत्येक लग्नाच्या पंगतीत तो किस्सा रंगवून सांगितला. बाकीचे हसायचे, मीही हसायचो. घरी येऊन मात्र माहितीपत्रक मागवलं.

यंदा आषाढात मावशीने अंथरूण धरलं. आईने पंचमीच्या आठ दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवली होती.

"कवा निघायचं?" ती विचारायची.

"नवी गाडी येऊ दे. पावसाचा तिथं रस्ता न्हाई."

"मग मी यष्टीनं जाते."

"दोन गाड्या बदलायच्या, वर चिखलातून चालायचं. तुझ्या गुडघ्यांना झेपतंय का?"

"आरं, मला अक्काचं तोंड बघायचंय. गाडी कावून पायजे त्याला?"

मी तिला मोबाइलवर नव्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. ती गाडी कुठल्यातरी परदेशी नदीतून पाणी उडवत जात होती. आईने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मग पिशवीतून लुगडं काढून परत कपाटात ठेवलं. मला वाटलं, पटलं तिला.

गाडी शोरूमला आली ती नेमकी पितृपक्षात. फोन आला तेव्हा मी म्हणालो, या पंधरवड्यात कोण गाडी उचलतं? शोरूमवाल्यालाही त्यात काही नवल वाटलं नाही. आवारात अशा कितीतरी गाड्या धूळ खात थांबल्या होत्या. पंधरवडा सरल्यावर घटस्थापनेला आणता आली असती. पण दसरा म्हणजे दसरा, असं मीच ठरवलं. साडेतीन मुहूर्तांतला एक, चौकातली माणसं दुकानासमोर उभी, गाडीला झेंडूचा हार. मला ते सगळं हवं होतं. मावशी वाट बघत होती हे मला माहीत होतं आणि तरीही हवं होतं.

घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली.

आम्ही निघालो ते जुन्याच गाडीने. आई पुढच्या सीटवर, दारावरची कडी धरून. धर्मापुरी मागे पडली, वस्तीचं वळण आलं तसा मी गिअर खाली घेतला आणि चाक घसरायची वाट बघू लागलो. चाक घसरलं नाही. रस्त्यावर लाल मुरूम होता, दाबून बसलेला, आणि पाऊस आदल्या दिवशीपर्यंत पडत होता. माझी बुटकी, दहा वर्षांची गाडी मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली.

आईला अक्काचं तोंड दिसलं. बघायचं होतं ते असं नव्हे.

सगळं आटोपल्यावर ओसरीत बसलो होतो. आई रस्त्याकडे बघत मावसभावाला म्हणाली, "रस्ता लई चांगला केला रं. कवा केला?"

"पंचमीच्या आदीच की, मावशी. आईनंच टाकून घेतला मुरूम. म्हन्ली, माजी बहीण यायची हाय, गाडी फसाय नको. दादाला फोन केलता मी. आता जुनी गाडी बी येती म्हनून सांगितलतं."

फोन आला होता. माझ्या नीट लक्षात होता. मी त्याला म्हणालो होतो, आता नवीनच घेऊन येतो, बघ तू. ट्रॅक्टर लागणार नाही. आणि आईला त्या फोनबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. रस्ता नाही, असंच शेवटपर्यंत सांगत राहिलो. खोटं बोललो, दुसरा शब्द नाही त्याला.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या वेळी चारचौघांत बोलली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याला गाडी आणली. शोरूमहून येताना गेवराईच्या अलीकडे-पलीकडे वाळूच्या टिप्परांमागे ती आपलं आपण अंतर राखत, आपला आपण वेग कमी करत चालली होती; पायाला काम नव्हतं. घरासमोर चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, चारही एकदम फुटली. आईने बॉनेटवर कुंकू लावलं आणि आत गेली. चौकातली माणसं होती, हार होता. बर्फाचं चित्र मी दाखवलं ते त्याच दिवशी. लाज वाटत होती आणि दाखवतही होतो.

तेरवीला आम्ही दोघं नव्या गाडीने गेलो. ती इतकी उंच की आईला चढताच येईना. मी मागून आधार दिला. पाऊस उघडला होता, मुरूम वाळून कडक झाला होता. खटक्याला मी हात लावला नाही.

निघताना मावसभावाची बायको, मावशीची सून, मुगाची जड पिशवी घेऊन आली. "आत्याबाईंनी पोळ्याच्या वक्ताला तुमच्यासाठी ठिवलते. बाजंवर बसून निवडले समदे."

आईने पिशवीवर हात ठेवला. मग चढताना पायाखाली घ्यायला तिने पाट मागितला, मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसली. आजवर ती माझ्या गाडीत कधी मागे बसली नव्हती.

"मूग ठेव पुढं," ती म्हणाली.

डांबरी रस्त्याला लागलो तशी गाडी टुंग टुंग वाजू लागली. थांबेना.

"कावून वरडायली?" आईने मागून विचारलं.

"पुढं माणूस बसलंय असं वाटतंय तिला. पट्टा लावा म्हणतीय."

गाडी वाजतच होती.

"मग लाव की पट्टा," ती म्हणाली. "तेवढंच बसू दे अक्काला तुझ्या गाडीत."

मी गाडी कडेला घेतली. पट्टा ओढला, पिशवीवरून नेला आणि खटकन बसवला. आवाज थांबला. मग बीड येईपर्यंत मी आरशात मागे पाहिलं नाही.