तिच्या हातातलं ताट

दोन धर्मगुरूंचा सिनेमा बाबांना दाखवायची अक्कल माझीच. एक कर्मठ, एक सुधारक. दोन तास भांडतात आणि शेवटी मांडीला मांडी लावून जेवतात. मला वाटलं, बाबांना काही उमजेल. कसलं काय! टीव्ही बंद करून म्हणाले, "त्या दोघांना फक्त एकमेकांना पटवायचं होतं. मला अख्ख्या गावाला तोंड द्यायचंय."

बाबा आमच्या ग्रामदेवीचे पुजारी. एक वर्ष पूजेची पाळी आमच्या घराकडे, दुसऱ्या वर्षी खालच्या वाडीतल्या काकांकडे. दोघांचं चांगलं मेतकूट होतं. ते फिसकटलं तीन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात. पाळी बाबांची होती. पालखी काकांच्या दारात आली आणि त्यांची विधवा सून ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. काका म्हणाले, "भरू दे तिला. देवीला कसला आलाय विटाळ?" बाबा म्हणाले, "रीत मोडायची नाही." तिने हात जोडले, बाबा ढिम्म. मला म्हणाले, "तू सवाशीण आहेस, तू भर." आणि मी शहाणीने तिच्या हातातून ताट काढून घेतलं. तेव्हा जराही लाज वाटली नाही, खरं सांगते. त्यानंतर ती पालखीकडे फिरकली नाही, आणि काका बाबांशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी माझा नवरा गेला. मी माहेरी आले, मिरजोळ्याला कंपनीत नोकरी धरली. आई नाही, म्हणून आमच्या दारातली ओटी दर शिमग्याला सासरहून येऊन मीच भरायची. यंदा बाबा खाली बघत म्हणाले, "शेजारच्या वहिनी भरतील." माझं डोकंच फिरलं. "माझ्याच दारात मी चोरासारखी मागे उभी राहू?" संध्याकाळी बघते तर तोच सिनेमा पुन्हा लावून बसलेले.

पालखी आली तेव्हा ताट घेऊन मीच घरापुढच्या खळ्यात उभी राहिले. काय व्हायचं ते होऊ दे! पाळी काकांची, म्हणून गाऱ्हाणं त्यांनी घातलं. एकाने देवीपुढे मागणं मांडायचं आणि दर मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तेव्हा कुठे ते अख्ख्या गावाचं मागणं ठरतं. यंदा आंबा पदरात पडू दे, व्हय म्हाराजा. मुंबईतली पोरं सुखरूप ठेव, व्हय म्हाराजा. मग काका म्हणाले, "आणि ह्या लेकीच्या हातची ओटी गोड मानून घे, गो बाय."

खळं चिडीचूप. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." चाळीस वर्षांच्या सवयीने निघालं की मनातून, देवीलाच ठाऊक. पण तिच्यासमोर म्हटलेलं मागे घेता येत नाही. मग सगळेच म्हणाले.

काकांनी सुनेला या वेळी आग्रहाने सोबत आणलं होतं. बायकांच्या मागे उभी होती. बाबा तिच्यापुढे गेले. "सूनबाई, आधी तू भर. चुकलंच माझं."

मी ताट पुढे केलं. तिने आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग बाबांकडे.

"तेव्हा देवीला काही सांगायचं होतं मला," ती म्हणाली. "आता नाही."

ओटी मी भरली. निम्मे तांदूळ खळ्यातच सांडले. पालखी पुढच्या दाराकडे निघाली तरी बाबा काकांच्या सुनेसमोरून हलले नव्हते.