हंड्यावरचं नाव

सटवा माझ्या दुकानाच्या पायरीवर एकोणीस वर्षं बसला. त्यातली अठरा वर्षं मी त्याच्यावर चिडलेलो होतो. नेकनूरच्या बाजारगल्लीत माझं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकानं भांडं घ्यायचं, पायरीवर सटवाकडे द्यायचं, त्यानं छिन्नी-हातोडीनं ठिपके पाडत त्यावर नाव टाकायचं. एवढं साधं काम. पण या बाबाला नावाशेजारी चित्र काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. कुणी सांगितलेलं नसायचं, आणि मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची.

चित्र कसलं, तर सकाळी त्याच्या गावाहून, पालीहून येताना एस्टीच्या खिडकीतून जे दिसेल त्याचं. तलावाकाठचा बगळा. बाभळीला पुढचे पाय लावून उभी असलेली शेळी. एकदा एका तांब्यावर टायर बदलणारा ड्रायव्हर काढला, तोही पाठमोरा. मी म्हटलं, "कावून काढलास बे हे?" तर म्हणतो, "शेट, लई मन लावून बदलत हुता." चौऱ्याण्णव साली गावात पहिली डिश अँटेना बसली, ती दुसऱ्या दिवशी आहेराच्या ताटावर उतरली. नवरीच्या बापाला ती उलटी झालेली छत्री वाटली आणि तो अपशकुन केला म्हणून भांडायला आला. सटवानं त्याला हाताला धरून गल्लीत नेलं आणि समोरच्या गच्चीकडे बोट दाखवलं. पुढं तो बाप लग्नभर सांगत फिरला, की आम्ही पोरीला अँटेना दिली.

त्याच वर्षी मी पुण्याहून नाव टाकायचं विजेचं मशीन आणलं. म्हटलं, जमाना बदलला, आपण का मागं राहायचं? मशीन दोन मिनिटांत नाव टाकायचं, लाईट असली तर. लाईट नसायची. सटवानं मशीनला नावं ठेवली नाहीत. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर एक फडकं तेवढं टाकलं. मला ते जास्त झोंबलं.

त्याची खरी कारागिरी मात्र छिन्नीची नव्हती, नाव काढून घेण्याची होती. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही आणि भांड्यावर तर बाईच्या नावापुढं मालकाचं नाव पाहिजेच. मग टाकायचं कसं? सटवा विचारत जायचा. "देवाचं हाय का? शंकराचं? मंग त्याच्या पोराचं?" बाई पदर तोंडाला लावून मान हलवायची, शेजारच्या बाया सुचवायला लागायच्या, आणि माझ्या दुकानापुढं फुकटचा तमाशा उभा राहायचा. आसपासच्या गावांतले पुरुष सटवानं कधी बघितलेले नव्हते, पण त्यांची नावं त्याला पाठ होती.

बाजारचा दिवस होता. शिवकन्या हंडा घ्यायला आली. ही नेकनूरचीच पोर, लिंबागणेश गावात दिलेली, पण दोन वर्षांपासून आईकडंच राहत होती. नुकतीच बालवाडीवर लागली होती. पहिल्या पगाराचा हंडा म्हणून तिनं सात-आठ हंडे वाजवून बघितले आणि एक निवडला.

"ताई, नाव?" सटवानं विचारलं.

"शिवकन्या."

"आन् मालकाचं?"

तिनं मान खाली घातली. "त्यांचं नाव नको."

आता हे 'नको' आमच्याकडची प्रत्येक बाई म्हणते. त्याचा अर्थ, मला घ्यायला लावू नका, तुम्हीच ओळखा. दुकानाच्या बाकड्यावर छबुबाई बसलेली होती. ही बाई काही विकत न घेता रोज येऊन बसायची. ती ओरडली, "लाजतीय गं बाई!" सगळ्या हसल्या. शिवकन्या आणखी काही म्हणाली, पण त्या हसण्यात ऐकतो कोण? ती भाजी घ्यायला गेल्यावर छबुबाईनं सटवाला सांगितलं, "लिंबागणेशच्या बसवेशला दिलीय ती."

सटवानं नाव टाकलं. 'शिवकन्या बसवेश.' अक्षरं झक्क उतरली होती.

शिवकन्या परत आली आणि तिनं नाव वाचलं. हंडा मांडीवर घेऊन ती पायरीवरच बसली. "दादा, मी नको म्हणले हुते," एवढं बोलली आणि रडायला लागली.

मग कळलं. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं तेव्हा भांड्यांच्या वाटणीसाठी पंच बसले होते. त्यांनी एकेक भांडं उचलून नाव वाचलं. ज्याच्यावर बसवेश, ते बसवेशच्या ढिगात. बसवेश सगळ्यांवरच होतं. "माझ्या बापानं घेतलेली परातसुदीक तिकडंच गेली," ती म्हणाली. "आता ह्यो हंडा बी नेतील."

ती परात माझ्या दुकानातली होती, आणि तिच्यावरचं नाव सटवाच्या हातचं. त्याचा चेहरा पार उतरला. एकोणीस वर्षांत मी त्याला इतकं शरमलेलं कधी बघितलं नाही.

मी म्हटलं, "मशीननं घासून काढू."

"न्हाई शेट. पत्रा पातळ हाय, भोक पडंल."

खरं होतं, पण गिऱ्हाइकांसमोर बोलायची गरज नव्हती. मी तिला दुसरा हंडा देऊ शकलो असतो. सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मी गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

सटवानं तिच्या मांडीवरून हंडा उचलला. "तासभर बस ताई." आधी त्यानं नावाच्या एकेका अक्षरावरून अंगठा फिरवला. मग ठिपके पडायला लागले. 'ब'च्या पोटावर लोकर आली. 'स'ला पाय फुटले. 'वे'ची मात्रा मागं वळून कान झाली. 'श'नं चरायला मान खाली घातली. सटवा धनगराच्या घरचा, त्याला मेंढरू शिकवायला नको. ऊन उतरेपर्यंत 'शिवकन्या'च्या मागं चार मेंढरं ओळीनं उभी होती. तिनं बोट फिरवून नवऱ्याचं नाव हुडकलं. सापडलं नाही. मग तोंड पुसून हंडा कमरेवर घेतला.

पण छबुबाईच्या तोंडाला कोण कुलूप घालणार? दोन आठवड्यांनी बाजारच्याच दिवशी बसवेश दुकानात उभा. काखेत तो हंडा, मागं धापा टाकत शिवकन्या. गल्ली गोळा झाली.

"योगीराजशेट, ह्याच्यावर माझं नाव टाकलंय. छबुबाईनं डोळ्यानं बघितलंय. वाचून दावा."

मी चष्मा लावला. "शिवकन्या."

"म्होरं?"

"मेंढरं."

"मेंढरांच्या आदी तिथं काय हुतं?"

धंद्यासाठी मी रोज खोटं बोलतो, पातळ पत्रा जाड म्हणून विकतो. दुसऱ्या कुणासाठी कधी बोललो नव्हतो. छबुबाईकडं बघितलं, तर ती जन्मात पहिल्यांदा गप्प, छपराचे पत्रे मोजत होती.

"मी भांडी इकतो," मी म्हटलं. "मेंढरांतलं मला काय कळतंय?"

बसवेशनं अंगठ्यानं मेंढरं घासून बघितली. ती काही पुसली गेली नाहीत. मग तो सटवावर खेकसला, "मंग ही मेंढरं कुणाची बे?"

सटवाच्या गुडघ्यांत कुणाचा तरी तांब्या होता. त्यानं मान वर केली नाही. "नाव टाकलंय की. वाच."

बसवेशनं वाचलं. भरबाजारात, पन्नास माणसांसमोर, मोठ्यानं. "शिवकन्या."

"ओ," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून हंडा काढून घेतला.