बावखलातला लाडू

तुळिंजला बहिणीच्या घरून निघालो तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत कासव होतं. रिक्षावाल्याला कळू नये म्हणून मी वर टॉवेल टाकला होता. शेजारी माझी भाची ईरा, वय वर्षं नऊ, पिशवीच्या तोंडाशी वाकून सारखी म्हणत होती, "लाडू, आलंच हं." दुकानातून आणला तेव्हा लाडू बिस्किटाएवढा होता. आता ताटलीएवढा झाला होता आणि माझ्या बहिणीच्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत त्याला वळायलाही जागा उरली नव्हती. बहिणीनं तोडगा काढला. जवळच्या गास गावी एका वाडीत मुलांचं आठवडाभराचं प्राण्यांविषयीचं शिबिर होतं, वाडीत तळं होतं. लाडूला गुपचूप तिथं सोडायचं, म्हणजे मुक्या जिवाची सुटका होईल. ईरानं एका अटीवर हे मान्य केलं होतं: लाडू रोज दिसला पाहिजे.

मी सांगलीची, बहिणीकडे पाहुणी आलेली. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. समोरच्यानं नजर चुकवली की माझ्या मनात पाल चुकचुकते. या स्वभावानं मैत्रिणी फारशा मिळाल्या नाहीत, कॉप्या मात्र भरपूर मिळाल्या.

रेल्वेवरचा उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला आलो, तशा इमारती विरळ झाल्या. एका वळणानंतर भाताची रिकामी खाचरं लागली, मग केळी, नारळ, मोगऱ्याचे ताटवे. वाडीच्या फाटकात दत्ताभाऊ उभे होते. वाडी त्यांची, शिबिरही त्यांचंच. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीवर डोळा.

"बाई, यात काय हाय?"

"डबा," मी म्हणाले.

"बाहेरचा प्रानी आत आनायचा नाय, म्हनून इचारला." त्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाले.

प्राण्यांच्या शिबिरात प्राणी नको? मला पहिला संशय तिथंच आला.

वाडीच्या मधोमध बावखल (बागेला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं जुनं तळं) होतं. काठावर बसून मुलांनी बगळे मोजले, खंड्याचं चित्र काढलं. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला वळल्यावर मी आणि ईरा मागे राहिलो. लाडूच्या पाठीवर तिनं जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावलेला होता, ओळख पटावी म्हणून. तिनं त्याला पाण्यात ठेवलं. तो क्षणभर थांबला आणि वळूनही न पाहता बुडाला. ईरा रडली. मलाही भरून आलं, पण मी ते उन्हावर ढकललं.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वर गोड म्हणून सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) होती. दत्ताभाऊंची बायको आग्रह करकरून वाढत होती. इतका आग्रह कशासाठी, असंही माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी लाडू दगडावर ऊन खात बसलेला दिसला. ईरा दिवसभर हवेत होती.

तिसऱ्या दिवशी पक्षी पाहायला पहाटेच बोलावलं होतं. आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. दत्ताभाऊ कमरेइतक्या पाण्यातून बाहेर येत होते, खांद्यावर गोणी, आणि गोणी आतून हलत होती. मला पाहताच त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि केळीमागच्या पत्र्याच्या खोपटात शिरले. बाहेर आले ते रिकाम्या हातानं.

"त्या खोपटात काय आहे हो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिथं काय नाय बगन्यासारका," ते म्हणाले. नजर पाण्याकडे होती.

त्या दिवसापासून लाडू दिसेना. ईरा खेळ सोडून काठावर बसायला लागली. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी तिनं जेवण तसंच ठेवलं आणि विचारलं, "मावशी, मेला का गं तो?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मुलांना प्राणी वाचवायला शिकवायचं आणि पहाटे तेच प्राणी विकायला पकडायचे! सगळे जेवत असताना मी खोपटाची कडी काढली. आत चार-पाच मोठे टब होते, प्रत्येकात कासवं. सगळ्यांच्या कानामागे लाल पट्टा, लाडूसारखाच. कोपऱ्यातल्या टबात जांभळा ठिपका दिसला.

"चोर आहात तुम्ही!" दारात आलेल्या दत्ताभाऊंवर मी ओरडले.

ते चिडले नाहीत. खाली बसले आणि टबात पालकाची पानं टाकू लागले. "ही दुकानातली, परदेशी. मोठी झाली की लोक इथं आनून सोडतात, पुन्य म्हनून. बेडकाची अंडी, मासोळी, सगळा फस्त करतात. आमच्या गावठी कासवाला ऊन खायाला दगड ठेवत नायत. मी काढतो, ठेवतो. प्रानीमित्र येतात, जमतील तशी नेतात."

"मग मुलांना का नाही सांगत?"

"काय सांगू? तुजा लाडका जीव हितं इख झाला म्हनून? पोरं थोडीच आनतात? मोठी मानसं आनतात." मग हळूच म्हणाले, "तुमचा डबा पैल्या दिवशी पिशवीत चालत होता, बाई. पोरीसमोर तुम्हाला खोटा कसा पाडू?"

मला कुठं तोंड लपवू असं झालं. आयुष्यभर कॉप्या पकडणारी मी, आणि कॉपी माझ्याच पिशवीत होती.

ईराला मीच खोपटात नेलं आणि सगळं सांगितलं. लाडूला पाहून ती आधी हसली. मग टबाशी बसून त्याला पालकाचं पान भरवू लागली. "आपण चांगलं केलं असं वाटलेलं ना?" ती म्हणाली. आणि मग, "पण तू डबा का म्हणालीस?"

शेवटच्या दिवशी लाडू पुन्हा पिशवीत बसला. बहिणीच्या टाकीत त्याला जागा नव्हती, म्हणून मी त्याला सांगलीला नेणार होते. फाटकात मी स्वतःहून पिशवी उघडून दत्ताभाऊंपुढे धरली. त्यांनी आत पाहिलंच नाही. वर सुकेळ्यांची पुडी ठेवली आणि म्हणाले, "जपून जावा."

आता लाडू माझ्या परसातल्या सिमेंटच्या टाकीत असतो. वर जाळी आहे, जवळपास ओढा नाही, ते मी दोनदा पाहून घेतलं. ईराचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. मी ठीक आहे का, हे ती विचारत नाही. "लाडू दाखव. असा नाही, पाठ दाखव. ठिपका दाखव." बाजारातून दुसरा आणून मी तिची समजूत घालीन, असा तिला संशय आहे. मी मुकाट्यानं टाकीत हात घालते, लाडूला वर उचलते आणि तिचं समाधान होईपर्यंत तसाच धरून ठेवते.